कंपनीचा वकील कोण?

सोयाबीन उगवलं नाही म्हणून मामा बियाणं कंपनीविरुद्ध तक्रार करायला निघाले, तर मोंढ्यात एकानं त्यांना गाठलं. "कंपनीचा वकील लातुरातच हाय, माझ्या ओळखीचा. थोडे पैसे द्या, मिटवून देतो." मी मामांना लगेच म्हणाले, एक रुपयाही देऊ नका. औसा तालुक्यात अशा माणसांपायी फसलेले शेतकरी मी पाहिलेत आणि त्याचा मला फार संताप येतो.

केस दाखल होण्याआधी 'कंपनीचा वकील' असा कुठं नोंदलेला नसतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता मिळतो, वकिलाचं नाव नाही. म्हणून नोटीस त्या पत्त्यावर, कंपनीच्याच नावानं, रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टानं पाठवायची. बियाण्याच्या पिशवीवरचा पत्ता त्याच्याशी ताडून पाहा. कधीकधी तो नुसता डेपोचा असतो.

शेतकरी हासुद्धा ग्राहक, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये बियाण्याच्याच प्रकरणात मान्य केलंय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर आपण राहतो त्या जिल्ह्यातल्याच ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी हैदराबादची का असेना. तिला म्हणणं मांडायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात.

वकिलाचं खरं नाव कळतं ते कंपनी हजर झाल्यावर, वकीलपत्रातून, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदातून. हा कागद नीट वाचा. वकिलाचं नाव, सनद (वकिली परवाना) क्रमांक, आणि मुख्य म्हणजे कंपनीतर्फे सही कोणी केली. त्या माणसाला कंपनीनं अधिकार दिल्याचं पत्र किंवा ठराव जोडलाय का, हे आपल्या वकिलाला तपासायला सांगा. तडजोडीची वेळ आली की हीच सही कामाला येते.

दिवाणी कोर्टातली केस असेल तर केसचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर) ई-कोर्ट या कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की दोन्ही बाजूंचे वकील दिसतात. तिथं कंपनीच्या नावानंही जुन्या केसेस शोधता येतात. पण जुन्या केसमधला वकील आपल्याही केसमध्ये असेलच असं नाही. लातूरला एक, औरंगाबाद खंडपीठात दुसरा, असं सर्रास असतं.

मामांना कंपनीच्या वकिलाशी स्वतःच बोलायचं होतं. पण आपण वकील दिला असेल, तर समोरच्या वकिलानं त्याच्यामार्फतच बोलावं, असा बार कौन्सिलचा नियम आहे. वकीलपत्राची नक्कल मात्र अर्ज करून घेऊन ठेवा. मध्येच वकील बदलला, तर नव्याचीही मागा.