आमची वाटचाल : सुई थांबल्यानंतरचे दिवस

बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत २०१४ मध्ये मी आणि माझ्या धाकट्या भावाने टॅटूचे काम सुरू केले. आज्जीच्या दोन्ही हातांवर हिरवट पडलेले तुळशीवृंदावन होते, ते जत्रेत गोंदून घेतल्याचे ती सांगत असे; त्या गोंदणानेच आम्हाला या कामाची ओढ लावली. सुरुवातीची दोन वर्षे मात्र आमचे सारे लक्ष रेषेवर होते. राजमुद्रेतील अक्षर किती बारीक निघते, छायेचे काम किती मऊ उतरते, प्रत्येक ग्राहकासाठी सुई नवी आहे ना, एवढे पाहिले की आपले कर्तव्य संपले असे आम्ही समजत होतो. काम झाले की त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळायची आणि ‘दोन-तीन आठवडे काळजी घ्या’ असे सांगून निरोप द्यायचा, ही आमची पद्धत होती.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये खानापूर तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने पोटरीवर बैलजोडी काढून घेतली. गुंडाळलेली फिल्म त्याने तीन दिवस तशीच ठेवली, कारण ती केव्हा काढायची हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. चौथ्या दिवशी तो भात लावणीसाठी चिखलात उतरला. आठव्या दिवशी तो आला तेव्हा पाय सुजला होता, जखमेतून पू येत होता आणि अंगात ताप होता. आम्ही त्याला लगेच डॉक्टरांकडे नेले. औषधांनी जखम भरली, पण बैलांच्या शिंगांच्या जागी फिकट चट्टा राहिला. ‘माझंच चुकलं असंल’ असे तो म्हणाला, आणि ते मला फार लागले, कारण चूक आमची होती.

त्यानंतर आम्ही त्वचारोगतज्ज्ञांना भेटून नीट समजून घेतले. सुई शाई सोडते ती त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. तेथे शरीराच्या संरक्षक पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, म्हणून टॅटू टिकतो. वरचा थर मात्र हजारो ठिकाणी टोचला गेलेला असतो, म्हणजे नवा टॅटू ही उघडी जखमच असते. ती वरून भरायला दोन ते चार आठवडे लागतात आणि आतली त्वचा पूर्ववत व्हायला त्याहून काही महिने अधिक. साधी फिल्म आम्ही आता काही तासांतच काढायला सांगतो, कारण तिच्याखाली साचलेला जखमेतील पातळ स्राव आणि घाम जंतूंना पोसतात. मग हात स्वच्छ धुऊन, कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण वापरून टॅटू हलक्या हाताने धुवायचा, न चोळता स्वच्छ कपड्याने टिपायचा आणि मलमाचा अगदी पातळ थर द्यायचा. जाड थर दिल्याने जखम लवकर भरते हा समज आम्हाला आजही रोज खोडून काढावा लागतो.

‘हळद लावली तर चालतंय काय?’ हा प्रश्न वडीलधारी माणसे हमखास विचारतात. पूर्वी गोंदणावर हळद लावत, त्या परंपरेचा आम्हाला आदर आहे. परंतु स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते आणि तिची पूड ओल्या जखमेत अडकून बसते, म्हणून आम्ही ती टाळायला सांगतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही प्रत्येक ग्राहकाला फोन करतो. तोवर सूज आणि लाली उतरू लागलेली असावी लागते. ती वाढत असेल, जागा गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल, तर डॉक्टरांकडे जायला आम्हीच आग्रहाने सांगतो. मधुमेह असलेल्यांशी तर टॅटू काढण्यापूर्वीच सविस्तर बोलतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पापुद्रे सुटू लागतात, खाज येते आणि टॅटू धूसर दिसू लागतो. बहुतेक लोक येथेच घाबरतात. रंग गेला असे समजून ते खपली नखाने काढतात आणि तिच्याबरोबर खरोखरच शाई निघून येते. खाज असह्य झाली तर तळहाताने हलके थोपटावे, पण खाजवू नये. या काळात विहिरीत किंवा नदीत पोहणे आणि कडक ऊन वर्ज्य.

आमच्या भागात सणांचाही विचार करावा लागतो. वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत नवी राजमुद्रा मिरवावी, असे तरुणांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उन्हाळा, घाम आणि गर्दीतील घसटणे ताज्या जखमेला सोसवत नाही, म्हणून तीन आठवडे आधी या असे आम्ही सांगतो आणि उशिरा आलेल्यांना मिरवणुकीनंतरची तारीख देतो. बेळगाव शहरात धुळवडीला आणि आमच्या शहापुरात रंगपंचमीला रंग खेळतात, तेव्हाही हेच. लावणीच्या दिवसांत शेतात उतरणाऱ्यांच्या पायांवर तर आम्ही काम करतच नाही. त्या आठवड्यांत कमाई घटते, ती आम्ही सोसतो.

सूचनांचा कागद आम्ही मराठीत लिहिला. गोकाक आणि चिकोडीकडील ग्राहकांसाठी एका कन्नड शिक्षकांकडून तो कन्नडमध्ये करून घेतला. सहा आठवड्यांनी ग्राहकाला पुन्हा बोलावून कोठे फिकट राहिले असेल तर विनामूल्य भरून देतो.

तो खानापूरचा तरुण पुढल्या फेब्रुवारीत, शेतीची कामे सरल्यावर आला. चट्ट्याची जागा पूर्ण स्थिरावली होती, तेव्हा शिंगे पुन्हा भरून दिली. त्या वेळी तो पंधरा दिवस रोज संध्याकाळी मोबाईलवर फोटो पाठवत राहिला. त्याच्या परवानगीने ते पंधराही फोटो आम्ही भिंतीवर ओळीने लावले आहेत, आणि नवा ग्राहक खुर्चीत बसण्यापूर्वी आम्ही त्याला सहाव्या दिवसाच्या फोटोसमोर उभे करून पापुद्रे कसे दिसतात ते दाखवतो.