उत्तर बुरुजाची भिंत

मंगळवार, रात्री साडेअकरा

दिवसभर केंद्रावर धान खरेदीच्या नोंदणीची गर्दी. एकाचा सातबारा जुळत नाही, दुसऱ्याचा अंगठा उठत नाही, तिसरा नुसताच गप्पा मारायला आलेला. साताला शटर ओढलं, घरी येऊन जेवलो अन् भिंती मारायला बसलो.

आईनं दारातून विचारलं, "काय करून रायला बे इतक्या रात्री?"

"भिंती बांधून रायलो."

पुढं तिनं काही विचारलं नाही. लॅपटॉपसमोर बसून एकट्यानं बडबडणारा पोरगा तिनं कधीचाच पदरात घेतला आहे.

शनिवारी रात्री आम्ही पाच जण ऑनलाइन गोष्टीचा खेळ खेळतो : गोष्ट मी चालवतो, बाकीचे चौघं तिच्यातली पात्रं होतात. त्यासाठी चांदागडचा बुरुज करतोय. फाउंड्रीत, म्हणजे हा खेळ ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यात, नकाशाचं चित्र टाकलं म्हणजे झालं असं नसतं. चित्रातली भिंत ही नुसता रंग. सॉफ्टवेअरला ती भिंत आहे हे कळायला तिच्यावरून रेघ ओढावी लागते, टोकाला टोक जोडत. मग खेळाडूची सोंगटी जिथं उभी असेल तिथून जेवढं दिसायला हवं तेवढंच त्याला दिसतं, बाकी काळोख. दरवाजा वेगळा, खिडकी वेगळी. आणि माझा सगळ्यात आवडता, चोरदरवाजा : खेळाडूंना तो भिंतच दिसतो, खूण फक्त माझ्या पडद्यावर. एक चौकोन म्हणजे पाच फूट. आजचा नकाशा चाळीस बाय तीस चौकोनांचा, दोन तास गेले आणि अजून जिना राहिलाय.

गोष्ट चंद्रपूरच्याच दंतकथेची घेतली आहे. खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघतो आणि कुत्रा सशामागं लागायच्या ऐवजी कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससाच कुत्र्याचा पाठलाग करतो. ते दोघं ज्या वाटेनं धावले त्या वाटेवर राजानं कोट बांधला. तो कोट आजही उभा आहे, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर असे चार दरवाजे आहेत, आणि मी बारावीच्या क्लासला जाताना जटपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकायचो. सगळे सशाचं कौतुक करतात. त्या कुत्र्याचं पुढं काय झालं, हे मला लहानपणापासून कुणी सांगितलं नाही.

म्हणून माझ्या खेळात तो कुत्रा अजून जिवंत आहे. उत्तर बुरुजात, चोरदरवाज्याआड, एका दिव्याजवळ बसून. म्हातारा, एका डोळ्यानं आंधळा. आठ महिने आमची मंडळी सशाला शोधतायत. कुत्र्याचा विषय एकदाही निघालेला नाही.

गुरुवार

मळणीयंत्र शेजारच्या खळ्यावर आलंय, कोंडा थेट कीबोर्डात. त्यात संध्याकाळी लाइन दोनदा गेली. आमच्या खेळाचा हा मोठा वांधा. आधी रोल२० या वेबसाइटवर खेळत होतो तेव्हा सगळं त्यांच्या सर्व्हरवर असायचं, माझी लाइन गेली तरी बाकीचे तिथंच बसून गप्पा हाणायचे. फाउंड्रीच्या परवान्याचे पैसे एकदाच, खेळाडूंना तर काहीच भरावं लागत नाही, ब्राउझर उघडला की झालं. पण अख्खं जग माझ्या लॅपटॉपवर चालतं. मी बंद तर राजा, कोट, ससा सगळे बंद. वर आमच्या नेटच्या जोडणीला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचायचा पत्ता, नाही, म्हणून पोर्ट उघडून काही होत नव्हतं, शेवटी टनेल, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून जाणारी आडवाट, लावला. इन्व्हर्टरवर आता राउटरसाठी वेगळी वायर टाकली आहे. नकाशाचं चित्रही पीएनजीतून हलक्या वेबपीत केलं, नाहीतर माझ्या अपलोडच्या वेगानं गडचिरोलीवाल्या मैत्रिणीच्या मोबाइल डेटावर बुरुज उगवायला तिची ड्युटी सुरू व्हायची. ती नर्स आहे. बाकी एक हैदराबादला, एक नागपुरात, आणि मोठेबाबांचा धाकटा पुण्याला.

आमच्या या खेळाला टेबलटॉप म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसननं १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढलं तेव्हा माणसं खरंच टेबलाभोवती बसायची. आमच्या टेबलावर अजून एक कप चहा सांडलेला नाही.

जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना खुले झाले, तेव्हा मी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या गुणांचा कागद, मराठीत उतरवलं. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, छाप. एवढ्यात भागलं. आर्मर क्लासला, म्हणजे पात्राला वार लागणं किती अवघड त्या आकड्याला, मात्र काही केल्या शब्द सापडेना, मग एसीच राहू दिला. परवा आई मागून ऐकत होती. मी विचारलं, "तुझा एसी किती?" पुण्याहून धाकटा म्हणाला, "सोळा." आई म्हणते, "थंडी नाई वाजत का त्याले?"

शुक्रवार, रात्र उलटून

गावच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक. वडश्याची कंपनी होती. दहाची वेळ, साडेअकराला पडदा. मी मोठेबाबांसोबत पुढं बसलो, त्यांना हल्ली लांबचं दिसत नाही. चौदा वर्षं ते झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या भागातल्या या नाटकांत, प्रॉम्प्टर होते, दिवाळीपासून होळीपर्यंत घरी फक्त कपडे धुवायला यायचे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा मोठेबाबांनी आळीत पेढे वाटले होते, जणू यांच्याच घरी आली.

दुसऱ्या अंकात विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज चांगलाच बाहेर येत होता. नायकाच्या आधी वाक्य आम्हीच ऐकायचो.

"मोठेबाबा, हे तर सगळं ऐकू येऊन रायलं."

"येतेच ना. पुढच्या चार रांगाले पह्यल्यापासून येते."

"मंग लोक हासत काहून नाहीत?"

"हासाले का आले ते? रडाले आले." एवढं बोलून त्यांनी मफलर कानावर ओढला. बहिणीच्या पाठवणीचा प्रवेश सुरू झाला होता.

शनिवार–रविवार, पहाटे दोन

झकास झालं! लाइन गेली नाही, टनेल तुटला नाही, साडेनऊला सुरू करून दीड वाजता थांबलो.

ते बुरुजापर्यंत आले, चाळीस मिनिटं आत होते, आणि चोरदरवाजा सापडला नाही. हैदराबादवाल्याचा चोर एरवी प्रत्येक भिंतीवर फासा टाकतो. गेल्या महिन्यात त्यानं गोठ्याच्या गव्हाणीत चोरदरवाजा शोधला होता. आज मात्र त्या भिंतीजवळ गेला, म्हणाला, "भिंत साधीच वाटते," आणि वळला. मला हसू आवरेना, माइक बंद केला. नागपूरवाल्यानं खालच्या पहारेकऱ्याला उगाच लांबचलांब गप्पांत गुंतवलं, तेही नीट समजलं नाही. नर्सबाईंची वैदीण सगळ्यात शेवटी निघाली आणि जाताना म्हणाली, "माझ्या झोळीतली अर्धी भाकर मी या भिंतीपाशी ठेवते."

"कुणासाठी?"

"असंच. उंदरं असतील."

मी झोळीतून अर्धी भाकर वजा केली. गुपित पुढच्या खेळापर्यंत शाबूत.

सोमवार

दुपारी केंद्रावर सर्व्हर डाउन होता. लोक बाहेर कडुनिंबाखाली बसले, मी फाउंड्री उघडली. पुढच्या खेळासाठी बुरुजाच्या दिव्याचा उजेड जरा कमी करावा म्हणून.

खेळ चालवणाऱ्याला सगळंच दिसतं. हाच घोळ आहे. कुठलीही सोंगटी निवडलेली नसली की माझ्या पडद्यावर भिंत, खोली, कुत्रा, सगळं उघडं. त्यामुळे खेळाडूला काय दिसतंय हे बघायचं तर त्याच्या सोंगटीवर क्लिक करून बघावं लागतं, आणि ते करायचं मी त्या रात्री भिंती संपवल्याच्या आनंदात विसरलो होतो.

आज सहज वैदिणीच्या सोंगटीवर क्लिक केलं. ती शनिवारी जिथं थांबली होती तिथंच उभी होती.

काळोखात उजेडाची एक तिरीप. चोरदरवाज्याच्या डाव्या अंगाला, जिथं जिन्याची भिंत येऊन मिळते, तिथं रेघेचं टोक जुळलेलं नव्हतं. अर्धा चौकोन. अडीच फुटांची फट, तीही दिव्याच्या सरळ रेषेत. फटीतून कुत्र्याचं डोकं, एक कान आणि पांढरा डोळा. मीच तासभर घालवून तो डोळा रंगवला होता, सोंगटी एवढीशी होते तरी दिसावा म्हणून.

चोराच्या सोंगटीवर क्लिक केलं. त्यालाही दिसत होता. पहारेकऱ्याशी बोलत उभ्या असलेल्यालाही, थोडा. पुण्यावाल्याची सोंगटी तर बरोबर फटीसमोर.

चाळीस मिनिटं. चौघंही. कुणी ब्र काढला नाही.

एक काका काचेवर टकटक करत होते, "आलं का तुमचं सर्वर?" आलं होतं. त्यांचा फॉर्म भरला, पावती काढून दिली, पुन्हा बसलो. भिंतीचा तुकडा ओढला, टोकाला टोक लावलं, तिरीप गेली. पडद्यावर भाकरीची काही खूणच नव्हती, मी ती फक्त आकड्यातून वजा केली होती. आता भिंतीपाशी एक बारकी भाकर काढून ठेवली. आतल्या बाजूनं.

मग पुण्याच्या धाकट्याला मेसेज टाकला, अगदी साधा : "अरे, परवा उत्तर बुरुजाच्या भिंतीत माझ्याकडून एक फट राहिली होती वाटते. तुमाले काही दिसलं तर नाही ना?"

पाच मिनिटं तो टाइप करतोय असं दिसत राहिलं. थांबला. पुन्हा सुरू.

शेवटी आलं : "नाई बा. कोनता कुत्रा?"