तुम्ही विचारलंत म्हणून: अर्थशास्त्र की मॅनेजमेंट?

बारावीचा निकाल लागला की देवगडच्या एसटी स्टँडवर, बँकेच्या रांगेत, कुणाच्या तरी हळदीला, सगळीकडे मला एकच प्रश्न येतो. "मॅडम, आमच्या चेडवान अर्थशास्त्र घेवचा की मॅनेजमेंट? आणि शिकान पुढे काय?" मी दोन्ही शिकले आहे. रत्नागिरीला बीए, मुंबई विद्यापीठात कलिन्याला अर्थशास्त्रात एमए, त्यानंतर दोन वर्षं मॅनेजमेंट. आता कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि गावातल्या काही बागायतदारांचे हिशेब बघते. रस्त्यात उभ्या उभ्या या प्रश्नाचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं उत्तर आधी अर्थशास्त्र, मग मॅनेजमेंट असं आहे. ते का, हे सांगायला पट्टीपासून सुरुवात करावी लागेल.

ज्यांच्या घरी कलमं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आंब्याच्या पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात गेल्या की काही दिवसांनी दलालाकडून हिशेबाचा कागद येतो, तो म्हणजे पट्टी. किती पेट्या, काय दर, त्यातून आडत (दलालाचं कमिशन), हमाली, गाडीभाडं वजा, खाली शिल्लक. आमच्याकडे त्याच्याही खाली एक ओळ असायची: 'उचल खाती जमा'. बाबा दर ऑक्टोबरात फवारणी आणि खतासाठी दलालाकडून लाखभर रुपये उचल घ्यायचे. त्या पैशाला व्याज नसे. बाबा हे अभिमानाने सांगायचे, "शेठ एक पैसा व्याज लावत नाही."

2009च्या एप्रिलात मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षा आटोपून घरी आले होते आणि बाबांनी पट्ट्या वहीत उतरवायला मला बसवलं. त्याच दिवशी शेजारच्या काकांचीही पट्टी आली होती. त्यांची उचल नव्हती, दलालही वेगळा. तारीख तीच, फळाचा आकार तोच, आणि दर पेटीमागे शंभर रुपयांनी जास्त. मी मागच्या पट्ट्या काढल्या. कमी-जास्त तोच फरक. आमच्या हंगामाला साधारण चारशे पेट्या जात. शंभर गुणिले चारशे म्हणजे चाळीस हजार. लाखाच्या उचलीवर आठ महिन्यांत चाळीस हजार! तेव्हा बँकेचं पीककर्ज सात टक्क्यांनी मिळत होतं, म्हणजे तेवढ्याच काळाला पाच हजारांच्या आत व्याज. त्या रात्री मी बाबांना वही दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बँक कर्ज देते तर बँकेतून घेतलं नसतं काय?"

हा प्रश्न माझ्या हिशेबापेक्षा मोठा होता, हे मला पुढे कळलं. बँक कर्ज देत नव्हती, कारण सातबारावर आजोबांच्या नावाखाली अकरा जणांची नावं होती. त्यातले तिघे मुंबईला, एक बडोद्याला, दोघं वारलेले आणि त्यांचे वारस लागलेले नाहीत. सगळ्यांच्या संमतीशिवाय सातबारावर कर्जाचा बोजा चढत नाही. दलालाला मात्र सातबारा लागत नव्हता. त्याला झाडावरचा आंबा पुरेसा होता. आजी आजारी पडली तेव्हा रात्री साडेदहाला एका फोनवर त्याने पैसे पाठवले होते, हेही बाबा विसरले नव्हते. म्हणून मी त्या माणसाला लुबाडणारा म्हणायला आजही तयार नाही. कर्ज आणि खरेदी एकाच माणसाकडे बांधलेली असली की व्याज दरात जाऊन बसतं आणि कागदावर दिसत नाही. अर्थशास्त्राने मला ते बघायला शिकवलं.

जमिनीच्या तुकड्यांवर लिहिलेला एक निबंध मला एमएला वाचायला मिळाला. 1918 साली तो लिहिणारे बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगडजवळ, म्हणजे आमच्याच कोकणातलं. शेती लहान म्हणून शेतकरी गरीब, असं तेव्हा सगळे म्हणत होते. त्यांनी प्रश्न फिरवला. जमिनीच्या आकाराला एकट्याला अर्थ नाही, त्या जमिनीवर भांडवल किती आणि माणसं किती, यावर सगळं अवलंबून आहे. शेतीवर जास्तीचा भार झालेली माणसं उद्योगात गेल्याशिवाय शेती सुधारणार नाही. हे वाचताना मला सातबारावरची ती अकरा नावं दिसत होती. आमची माणसं तर उद्योगात गेलीच होती, गिरणगावात. तिथून मनिऑर्डर यायची, तिच्यावर इथलं घर चालायचं, आणि जमिनीवरचा हिस्सा तसाच राहायचा. 1982च्या संपानंतर मनिऑर्डर आटली, हिस्से राहिले. पुढे 1937 साली त्याच आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताची जमीनदारी, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. अर्थशास्त्र हा शेअर बाजाराचा, मोठ्या शहरांचा विषय आहे असं ज्या पालकांना वाटतं, त्यांना मी हे आवर्जून सांगते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुखही रायगडच्या पायथ्याकडच्या नाते गावचे.

आता माझ्या त्या चाळीस हजारांकडे परत येते, कारण त्यात एक चूक होती. कलिन्याला अर्थमितीच्या, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक दावे तपासण्याच्या, तासाला मी ते उदाहरण मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं. सरांनी शांतपणे विचारलं, "शेजाऱ्यांचा आंबा तुमच्यासारखाच होता हे कशावरून?" मला उत्तर नव्हतं. काकांची बाग उताराला, समुद्राकडे. ते फळ दोन दिवस आधी तयार होई, रंगही चांगला येई. कदाचित त्यांना चांगल्या फळाचा दर मिळत असेल आणि उचलीचा त्यात काही भाग नसेल. मग मी आमच्याच पट्ट्या घेतल्या, ज्या वर्षी उचल जास्त होती त्या आणि कमी होती त्या, आठवडा आठवड्याशी लावून. फरक निघाला, पण शंभराचा नव्हे, साठच्या आसपास. एवढ्या काळजीने आकडा तपासायची सवय दुसऱ्या कुठल्या विषयाने मला लावली नसती.

याच टप्प्यावर मुलं गळतात, म्हणून पालकांनो, अकरावीला गणित सोडू देऊ नका. "आर्ट्सला आहे, गणित कशाला" म्हणून सोडतात आणि एमएला कलन आणि संख्याशास्त्र समोर आलं की रडतात. मी स्वतः कलिन्याच्या पहिल्या सहामाहीत दररोज रात्री अकरावीचं पुस्तक पुन्हा सोडवत होते.

हापूसच्या बाबतीत तर अर्थशास्त्र अगदी आपल्या मांडवात येऊन बसतं. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही मधलाच भाव देतो, मग चांगल्या गाडीवाले बाजारातून निघून जातात. तीन नियतकालिकांनी तो लेख परत पाठवला होता. 2001 साली त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. आता मोटारीच्या जागी पेटी ठेवा. कर्नाटकातला आंबा 'देवगड हापूस' छापलेल्या खोक्यात जातो, पुण्यातल्या गिऱ्हाईकाला वरून फरक कळत नाही, आणि अस्सल फळाचा भाव खाली येतो. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं ते याच दुखण्यावरचं औषध आहे. आणि साका, म्हणजे फळाचा गर आतून खराब होणं? तो तर विकणाऱ्यालाही कापल्याशिवाय दिसत नाही. यावर काय करायचं, हे मी वर्गात विचारते तेव्हा बागायतदारांची मुलं हात वर करतात. एरवी ती मागच्या बाकावर गप्प असतात.

मॅनेजमेंटबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते शिकायला सोपं आणि करायला अवघड आहे. तिथे मला खर्चाचा ताळेबंद मांडायला, कुठल्या महिन्यात किती रोकड लागेल हे आधी लिहून काढायला, आणि चार माणसांकडून वेळेत काम करून घ्यायला शिकवलं. त्याच्या जोरावर आम्ही तीन हंगामांत उचल निम्मी, मग पाव, मग बंद केली. एक तृतीयांश माल दोन-दोन डझनांच्या खोक्यांत थेट गिऱ्हाईकाला, चांगला मोठा माल वाशीला, बारीक आणि डागी फळ कॅनिंगला. साका निघाला तर फोटो बघून फळ बदलून द्यायचं, आणि तो खर्च सुरुवातीलाच दरात धरायचा. 2016मध्ये फळांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा सरकारी निर्णय झाला, तेव्हा कागदावर कुठली ओळ गेली आणि दरात काय बदललं, हे दोन्ही तपासायला मी तयार होते.

पण पहिला ताळेबंद मांडला त्या दिवसाची गोष्ट सांगायलाच हवी. फवारणी, खत, राखण, गडी, पेंढा, खोकी, भाडं, सगळं धरलं आणि बऱ्यापैकी नफा दिसला. मग संधी खर्चाचा धडा आठवला: तोच वेळ दुसरीकडे घालवला असता तर जे मिळालं असतं, तोही खर्चच. आई पहाटे चारला उठून आंबे निवडते, अढी लावते, तिसऱ्या दिवशी उलटते, खोकी भरते, दोन महिने. तिची मजुरी कुठेच नव्हती. बाईमाणसाला गावात जो रोज मिळतो तो धरून मी तिचे दिवस मोजले आणि वजा केले. शिल्लक जवळजवळ संपली. आई चष्मा लावून त्या ओळीवर बोट ठेवून बघत राहिली. "माझा नाव लिवलंस?" एवढंच म्हणाली. त्या वर्षापासून आईच्या खात्यात दर महिन्याला पैसे जमा होतात आणि आमच्या आंब्याचा दर तो खर्च धरून ठरतो.

कोष्टक कसं आखायचं हे मॅनेजमेंटने शिकवलं. त्यात आईची ओळ हवी, हे अर्थशास्त्राने सांगितलं. नुसतं मॅनेजमेंट शिकलेली हुशार मुलं मी पाहते. ती कोष्टक सुरेख भरतात आणि ही ओळ सोडून देतात.

प्रवेशाचं सांगते, कारण दरवर्षी गोंधळ होतो. बीबीए आणि बीएमएसला 2024पासून सीईटी द्यावी लागते. काही कॉलेजांत जवळपास तोच अभ्यास 'बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज' अशा नावाने चालतो, तिथे ती लागत नाही. नाव बघून घाबरू नका, विषयांची यादी मागून घ्या. बीएला अर्थशास्त्र मेजर आणि व्यवस्थापनाचा विषय मायनर घ्यायची सोय कॉलेजात असेल तर माझ्या मते तो सर्वांत चांगला मार्ग. पुढे बँका, नाबार्ड, रिझर्व्ह बँक, एमपीएससी, आणि एमएनंतर यूपीएससीची भारतीय अर्थ सेवा, हे सगळे रस्ते खुले राहतात. मराठी माध्यमाची भीती बाळगू नका. 'मागणीची लवचिकता' ज्याला मराठीत पक्की समजली, त्याला इंग्रजी शब्द आठवडाभरात येतो. उलटं होताना मी फारसं बघितलेलं नाही.

आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, बघितलेल्या मुलांना तर मी खास सांगते. दोन दोर, अख्खी वाडी ओढायला, हात लावेल त्याला वाटा. समाजाची साधनसंपत्ती लोक स्वतःच नियम करून टिकवू शकतात, हे जगभरची उदाहरणं अभ्यासून दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पर्ससीनवाले (यांत्रिक बोटींवरून मोठी घेरजाळी टाकणारे) आणि पारंपरिक मच्छीमार यांचं भांडण ज्या मुलीने किनाऱ्यावर उभं राहून पाहिलंय, तिला त्यांचं पुस्तक कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

तेव्हा मुलीला घेऊन घरी या. शनिवारी दुपारनंतर मी असते. मार्कशीट आणली नाहीत तरी चालेल, पण मागच्या दोन हंगामांच्या पट्ट्या आठवणीने आणा. मासळीचा धंदा असेल तर लिलावाच्या चिठ्ठ्या आणा. तिच्यासोबत बसून त्या लावून बघू, मग तिलाच विचारू.