कंपोझिट सर्फबोर्ड घेताना: माझा अनुभव

भारतात जाताना बॅगा मोजायचा हुकाचा काटा इथे अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत असतो. गेल्या सप्टेंबरात त्याच काट्याला मी माझा सात फुटी सर्फबोर्ड पट्ट्यात अडकवून टांगला. ४.६ किलो. दोन वर्षांपूर्वी वापरलेला म्हणून विकत घेतला, तेव्हा तो ३.४ भरला होता. वाढलेलं १.२ किलो म्हणजे समुद्राचं पाणी, आणि ते आत कसं शिरलं हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी मूळची मालवणची, आता नऊ वर्षं सॅन डिएगोत. आठवड्यातून दोनदा सकाळी कामाआधी टूरमलीनच्या किनाऱ्यावर असते. तिथली लाट मऊ, लांब पसरणारी. माझ्यासारख्या चाळिशीत शिकलेल्या बाईला ती सांभाळून घेते.

तर तो बोर्ड. त्याचा गाभा ईपीएसचा होता, म्हणजे टीव्हीच्या खोक्यात येतो तो मण्यामण्यांचा थर्माकोलच, जरा घट्ट दाबाचा. वरून फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी रेझिन, म्हणजे लावल्यावर कडक होणारा चिकट द्रव. शेपटीजवळ खडकाला लागून बोटभर चीर पडली, म्हणून मी तो दुरुस्तीला दिला. दुकानाचं नाव घेत नाही. त्यांनी आत काय आहे ते न बघता सरळ पॉलिएस्टर रेझिन लावलं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि ते थर्माकोलला विरघळवतं. पाण्यात बत्तासा बसावा तसा चिरेखालचा फोम बसला. वरून मात्र गुळगुळीत, चकचकीत. आत लिंबाएवढी पोकळी झाली होती, वरचा पापुद्रा तिथे लवकरच तडकला आणि पुढचे कित्येक महिने बोर्ड पाणी पीत राहिला.

मी हे मालवणला काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी उभी हयात होड्यांवर घालवली; लाकडी होडीवर फायबर मारायची कामं मी लहानपणी त्यांच्याच अंगणात बघितली, त्या रेझिनचा वास अजून ओळखते. ते एवढंच म्हणाले, "गो बाय, पाणी आत गेला काय होडी गेली म्हणान समज." लाकूड आणि फायबर यांच्या मधे पाणी साचलं की होडी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून कुजते. मला नवा बोर्ड घ्यायचा होता आणि हे वाक्य मी दुकानांत सोबत घेऊन फिरले.

दुकानात दोन बोर्ड समोर ठेवले. दोन्ही सात फुटी, दोन्ही ४२ लिटर आकारमानाचे, आकारही जवळपास सारखा. पहिला जुन्या पद्धतीचा: पॉलियुरेथेनचा फोम, मधोमध लाकडाची पट्टी, तिला स्ट्रिंगर म्हणतात, वर कापड आणि पॉलिएस्टर. ७८० डॉलर. दुसरा नवा कंपोझिट: ईपीएसचा गाभा, त्यावर लाकडाचा पातळ पापुद्रा, पापुद्र्याच्या आत-बाहेर फायबरग्लास, सगळं निर्वात पिशवीत दाबून इपॉक्सीनं चिकटवलेलं. मधे स्ट्रिंगर नाही, त्याऐवजी दोन्ही कडांना लाकूड. १,०५० डॉलर. विकणारी मुलगी चांगली होती, पण तिचं सगळं बोलणं हलका, मजबूत, टिकाऊ या तीन शब्दांपाशी येऊन थांबायचं.

हलका का, ते हिशेबानं समजतं. ईपीएस एका घनमीटरला साधारण १६ ते ३२ किलो भरतो, बोर्डाचा पॉलियुरेथेन ४० च्या आसपास. ४२ लिटरच्या गाभ्यात त्यानं सरासरी अर्धा-पाऊण किलोचा फरक पडतो. काटा माझ्या पिशवीत होताच. जुन्या पद्धतीचा ४.१, कंपोझिट ३.२. मजबुतीचं कारणही साधं आहे. सँडविचसारख्या रचनेत ताण घेते ती वरची आणि खालची कातडी. गाभा त्या दोघींना एकमेकींपासून लांब धरून ठेवतो. कातडी जितकी कडक तितकी टाच कमी रुतते. पॉलियुरेथेनच्या बोर्डावर पाय पडतात तिथे सहा महिन्यांत खळगे दिसतात, हे माझ्या पहिल्या बोर्डावर मी बघितलंय.

पण खळगा पडणं आणि पाणी पिणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि दुकानात बोलणं फक्त पहिल्यावर चालतं.

आमच्या गल्लीत एक म्हातारे शेपर, म्हणजे बोर्ड घडवणारे कारागीर, राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये गेलं की ते आधी कॉफी देतात आणि मग २००५ सांगतात. ५ डिसेंबर २००५, सोमवार. क्लार्क फोम या कंपनीनं त्या दिवशी कारखाना अचानक बंद केला. अमेरिकेतले बहुतेक शेपर तिच्याच पॉलियुरेथेनच्या ब्लँकवर, म्हणजे न घासलेल्या कच्च्या ठोकळ्यावर, काम करायचे. ब्लँक मंडे म्हणतात त्या दिवसाला. त्याच्या आधीही इपॉक्सीचे बोर्ड होते, सर्फटेक ही कंपनी थायलंडमध्ये करून घेत होती, पण त्या सोमवारनंतर सगळेच ईपीएसकडे, बाल्सा या हलक्या लाकडाच्या कडांकडे, कार्बन फायबरकडे बघायला लागले. म्हाताऱ्यांचं मत मला पटलं: त्या काळात पुष्कळ बोर्ड फोम मिळत नाही म्हणून विकले गेले आणि ते चांगले आहेत की नाहीत हे लोकांना नंतर पाण्यात कळलं. मी त्यांना विचारलं, हा कंपोझिट फुटला तर तुम्ही दुरुस्त कराल का? करीन, म्हणाले, पण आधी पूर्ण सुकवून, इपॉक्सीनंच, आणि एक अख्खा दिवस माझ्याकडे राहील. पॉलियुरेथेनला उन्हात काही मिनिटांत कडक होणाऱ्या रेझिनची ट्यूब मिळते, ती किनाऱ्यावरच लावता येते. ही ट्यूब पॉलिएस्टरची असते, उघड्या ईपीएसला तिचा एक थेंबही लागता कामा नये.

मग डेमो. दुकान दोन दिवस बोर्ड देतं, भाडं नंतर किमतीतून वजा होतं. कंपोझिट त्यांच्याकडून घेतला, आणि जुन्या पद्धतीचा त्याच मापाचा मैत्रिणीकडून. ऑक्टोबर होता. या दिवसांत इथे वाळवंटाकडून सांता अॅना वारे येतात, कोरडे, जमिनीकडून समुद्राकडे जाणारे. दिशा शाळेत शिकलो त्या मतलई वाऱ्यांचीच, फक्त फार जोरकस. लाटेचा चेहरा काचेसारखा होतो. त्या सकाळी कंपोझिटवर मी तीन-चार हात मारले आणि लाटेत होते. नेहमी सहा-सात लागतात. ४२ लिटर तेच, पण बोर्ड जवळजवळ किलोनं हलका म्हणजे तेवढाच वर तरंगतो, आणि चाळिशीच्या खांद्यांना तो किलो जाणवतो. उभी राहिल्यावर बोर्ड पायाखाली ताठ, हुकूम दिला की वळणारा. मी अकरा लाटा घेतल्या. पाण्यातून बाहेर यायचं मन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी गेले. खारे वारे सुटले होते, पाण्यावर बारीक खवले. तोच बोर्ड आता प्रत्येक खवल्यावर टकटक उडत होता, दातांत कळत होतं. बाहेर पॅडल मारताना वारा नाक उचलून फिरवत होता. अर्ध्या तासानं मैत्रिणीचा बोर्ड घेतला, तर तो त्याच पाण्यातून सुरी लोण्यातून जावी तसा गेला. जडपणाचा तिथे उपयोग होतो. फोम आणि लाकडी पट्टी कंपन पिऊन टाकतात असं शेपर सांगतात आणि माझ्या गुडघ्यांनाही तसंच वाटलं.

घरी येऊन कॅलेंडर काढलं. गेल्या वर्षी मी किती वेळा दुपारी पाण्यात गेले? नऊ. सकाळी? ऐंशीच्या वर. मोठ्या, खळबळीच्या लाटांत मी जातच नाही. खडकांवर आपटणारा किनारा माझा नाही. बोर्ड तिसऱ्या मजल्यावर जिन्यानं न्यावा लागतो. माझ्यासाठी कंपोझिट २७० डॉलर जास्त देण्याच्या लायकीचा ठरला. माझी मैत्रीण संध्याकाळी पाण्यात जाते, वर्षातून दोन वेळा बोर्ड आपटते, आणि किनाऱ्यावर ट्यूब लावून परत उतरते. तिला मी हाच बोर्ड घेऊ नकोस असं स्पष्ट सांगितलं. तिनं घेतला नाही.

आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी बघितली: हवेचा स्क्रू. ईपीएसच्या मण्यांमधली हवा गरम झाली किंवा बाहेरचा दाब कमी झाला की फुगते; बंद गाडीत, विमानात पापुद्रा सुटू शकतो. काही बोर्डांना आपोआप श्वास घेणारा वेंट असतो, हवा जाते, पाणी येत नाही. माझ्या बोर्डाला हातानं फिरवायचा स्क्रू आहे. पाण्यात जाण्याआधी तो बंद केला नाही तर सगळं संपलं. बोर्ड पायाला जोडणारी दोरी म्हणजे लीश, तिच्या गाठीला मी लाल दोरा बांधलाय. लीश पायाला बांधताना दोरा दिसतो, हात स्क्रूकडे जातो.

जुना बोर्ड म्हाताऱ्यांच्या गॅरेजमध्ये शेपटी खाली करून उभा आहे. चिरेच्या जागी त्यांनी भोक पाडून ठेवलंय, खाली पत्र्याचा डबा. सहा आठवड्यांत ७०० ग्रॅम पाणी उतरलं. उरलेलं उतरेल का, ते बघू म्हणाले.

नव्याचं वजन मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करते, तळाला पेन्सिलीनं लिहिते. ३.२, ३.२, ३.२. फेब्रुवारीत ३.३ आलं तेव्हा पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, पाय घसरू नये म्हणून लावतात त्या वॅक्सचा थर खरवडलाच नव्हता. खरवडला, परत टांगला. ३.२.