आमची वाटचाल : मासे सगळ्यात शेवटी

आम्ही खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवून देतो. काच, स्टँड, सम्प (टाकीखालची फिल्टरची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), रॉक (बॅक्टेरियांना बसायला सच्छिद्र दगड), पाणी, सगळं आमचं. मासे सगळ्यात शेवटी. अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट, ही दोन्ही विषं शून्यावर आल्याशिवाय आमच्या हातून एकही मासा टाकीत गेलेला नाही. या हट्टापायी कामं गेली आणि एकदा दुकानाला कुलूप लावायची पाळी आली. त्या प्रकरणाची एकच बाजू तेव्हा सगळीकडे फिरली. दुसरी आज लिहून ठेवतो.

सुरुवातीला सामान मोजकंच होतं : मीठ कालवायचं पिंप, पाणी घुसळणारा एक पॉवरहेड पंप, हीटर, टेस्ट किट आणि खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर. तो रिफ्रॅक्टोमीटर आजही रोजच्या वापरात आहे. दर आठवड्याला त्याच्या काचेवर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणाचा थेंब टाकून रेघ जुळवून घेतो. आरओच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यावर शून्य बरोबर आलं म्हणजे ३५ लाही ते बरोबर येईल असं नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो. मीठ नेहमी पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर तळाला चुन्याचा साका बसतो. रात्रभर पॉवरहेड चालू ठेवायचा आणि सकाळी सापेक्ष घनता १.०२५ आली तरच ते पाणी पिंपाबाहेर काढायचं.

आमच्या पहिल्या ग्राहक म्हणजे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. बाकीचे लोक पहिल्याच भेटीत ‘मासे कधी?’ विचारायचे. बाई म्हणाल्या, “मला घाई नाही हो. पण आत काय चाललंय ते रोज कळलं पाहिजे.” टेस्ट त्यांनी स्वतःकडेच घेतल्या. पांढऱ्या कागदासमोर अमोनियाची नळी धरून पिवळ्याचं हिरवं किती झालं ते बघायच्या आणि वहीत लिहायच्या. नायट्रेटची दुसरी बाटली घड्याळ लावून पूर्ण अर्धा मिनिट जोरात हलवायच्या. खाली बसलेलं रसायन नीट मिसळलं नाही तर आकडा खोटा कमी दिसतो, आणि निम्मे लोक तिथेच फसतात. त्यांच्या वहीत आधी अमोनिया चढला, मग तो उतरता उतरता नायट्राइट चढलं, शेवटी तेही उतरलं आणि मागे नायट्रेट उरलं. दीड महिन्याहून जास्त काळ ती टाकी माशांवाचून होती. बाई एकदाही कुरकुरल्या नाहीत.

पुढची काही वर्षं सरळ गेली.

मग एका मोठ्या कार्यालयाच्या स्वागतकक्षातलं काम मिळालं. उद्घाटनाची तारीख त्यांनी आम्हाला न विचारता छापून टाकली होती. तारीख जवळ आली तेव्हा अमोनिया शून्य होता, पण नायट्राइटची नळी अजून गडद जांभळी होती, आणि रॉकवर तपकिरी थर धरला होता. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल. नव्या टाकीत ते येतातच आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. व्यवस्थापकांना ती घाण वाटली. तेवढ्यात आमच्याच धंद्यातला एक जण तिथे पोचला. “बाटलीतले बॅक्टेरिया ओततो, टाकी लख्ख करतो, उद्या मासे सोडतो,” असं त्यानं सांगितलं आणि काम आमच्या हातून काढून घेतलं.

बाटलीतल्या बॅक्टेरियाला माझा विरोध नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया टाकीत बसवणं म्हणजे सायकल; चांगली बाटली असेल तर तिचे आठवडे वाचतात, आम्हीही वापरतो. पण त्यांना बसायला जागा लागते, अमोनिया लागतो, आणि ते काम करतायत की नाही हे टेस्टशिवाय कळत नाही. या गृहस्थानं रॉक बाहेर काढला, ब्रशनं घासला आणि नळाच्या पाण्यानं धुतला. वाळूही बदलली. क्लोरीननं बॅक्टेरिया मारले आणि गोड्या पाण्यानं रॉकच्या भोकांतले किडे, स्पंज मारले. ते सगळं टाकीत कुजायला लागलं, आणि वर त्यात क्लाउनफिश, टँग, डॅमसेल एकदम सोडले. खाऱ्या टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग तिथे सातच्या पीएचपेक्षा कितीतरी जास्त असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि आठवड्याच्या आत सगळे गेले.

त्यानं लोकांना काय सांगितलं? “आधीच्यांनी सडका रॉक घातला होता.” ते वाक्य गावभर झालं. ठरलेली कामं रद्द झाली, भाडं थकलं, आणि ज्याला मी हाताला धरून काम शिकवलं होतं तो मदतनीसही सोडून गेला.

त्या वेळी बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या दुसऱ्या टाकीतला रॉक त्याच खेपेतला होता, आणि तिथे मासे व्यवस्थित होते. कार्यालयाच्या रखवालदाराकडून धुण्याची हकीकत कळली : “साहेब, बागेचा पाइप मीच लावून दिला ना.” बाईंनी तिथलं बाटलीभर पाणी मागवलं, माझ्यासमोर टेस्ट केली. नळी गर्द हिरवी. तो आकडा त्यांनी स्वतःच्या टाकीच्या आकड्यांशेजारी तारखेसकट लिहिला आणि जो विचारेल त्याला वही उघडून दाखवली. त्यांच्या ओळखीतून कामं आली म्हणून दुकान तगलं. कार्यालयानं दिलगिरीचं पत्र पाठवलं नाही. त्या गृहस्थानंही शब्द मागे घेतला नाही, आणि हे मी विसरलेलो नाही.

स्वतः टाकी लावणाऱ्यांना सांगतो. टाकीत डॅमसेल मासा सोडून त्याच्या घाणीवर सायकल करू नका. तो मासा चिवट आहे म्हणून त्याला अमोनियात जाळायचं हे मला पटत नाही, आणि जगला तर पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला तो छळतो. कोरडा रॉक असेल तर अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत २ भाग) आणा. पाचाच्या वर गेलात तर सायकल रखडते. तापमान २६ अंश, दिवे बंद, जंतू मारणारा यूव्ही दिवाही बंद. बाष्पीभवन झालं की टॉप-अप आरओच्याच पाण्यानं, मिठाच्या नाही, कारण मीठ उडत नाही. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं घातक नसतं, तरी ते उतरेपर्यंत मी थांबतो. दुसऱ्या टप्प्याचे बॅक्टेरिया बसल्याची तीच खूण आहे. घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत नायट्राइटसकट शून्यावर आला की मोठा पाणीबदल करून नायट्रेट खाली आणा आणि क्वारंटाइनमधून आलेले एक-दोनच मासे सोडा. पुढचे मासे काही आठवड्यांनी, मधल्या काळात टेस्ट चालू ठेवून.

आता आमच्या करारात मासे सोडण्याची तारीख नसते, आकडे असतात. प्रत्येक टाकीला बाईंच्या वहीसारखेच रकाने आखलेली वही देतो. घाईत लावलेल्या टाक्यांचे लोक हल्ली आमच्याकडेच येतात, त्यातल्या काही त्या गृहस्थानंच लावलेल्या असतात. आम्ही जातो. आधी अमोनिया तपासतो, खाणं थांबवतो, अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर घालतो, तापमान आणि क्षार जुळवलेल्या पाण्यानं पाणीबदल करतो, आणि मासे वाचवता आले तर वाचवतो.