यंत्राच्या आधी दाणे आणि दळण

कॉफीसाठी यंत्र घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत आणि कार्यालयांत यंत्रांच्या किमतींची तुलना सुरू होते. दाणे कुठले घ्यायचे, ते कधी भाजलेले असावेत आणि कशावर दळायचे हे प्रश्न यंत्राचे खोके दारात आल्यानंतर निघतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. ठरवलेल्या रकमेतला मोठा वाटा चांगल्या ग्राइंडरवर आणि ताज्या दाण्यांवर खर्च करावा आणि उरलेल्या पैशांत बसेल ते साधे उपकरण घ्यावे, असे मी ओळखीच्या लोकांना आग्रहाने सांगत आले आहे. त्यामागची कारणे इथे सविस्तर लिहिते.

खरेदीला निघण्यापूर्वी ठरवायची पहिली गोष्ट म्हणजे कॉफी दुधाची प्यायची की बिनदुधाची. मराठी घरांतली कॉफी पिढ्यान्‌पिढ्या दुधाचीच राहिली आहे. दूध-साखर उकळून त्यात कॉफी आणि वरून किसलेले जायफळ, क्वचित वेलदोडा, ही चव अनेकांच्या जिभेवर पक्की बसलेली असते आणि ती सोडून देण्याचे काहीच कारण नाही. मात्र अशा कॉफीसाठी फिकट भाजलेले, फळांसारखी आंबटगोड चव असलेले महागडे दाणे आणले, तर ती चव दुधात पूर्ण बुडून जाते आणि पैसे वाया जातात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्क्यांपर्यंत असतो, त्यामुळे ते कॉफीला गायीच्या दुधापेक्षा अधिक झाकते. दुधाच्या कॉफीसाठी मध्यम ते गडद भाजलेले दाणे घ्यावेत, आणि त्यात थोडा रोबस्टा मिसळलेला असला तर उत्तमच. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. रोबस्टामध्ये कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते, चव कडवट आणि भरीव असते, आणि दुधातही ती टिकून राहते. बिनदुधाची कॉफी पिणाऱ्याने मात्र अरेबिकाकडेच वळावे आणि भाजणी फिकट ते मध्यम निवडावी.

दाण्यांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, कारण उत्तम कॉफी पिकवणारा प्रदेश आपल्या शेजारच्या राज्यातच आहे. देशातल्या कॉफीपैकी सुमारे 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. बाबा बुदन यांनी येमेनमधल्या मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी सतराव्या शतकातली आख्यायिका आहे, आणि त्या डोंगरांना आजही त्यांचेच नाव आहे. चिकमगळूर, कोडगू आणि हासन या जिल्ह्यांतल्या बागा मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतात आणि त्या सावलीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. 2019 साली कोडगू, चिकमगळूर, बाबा बुदनगिरी आणि आंध्रातील अराकू खोरे इथल्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या राज्यात विदर्भातल्या चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडे आहेत. तिथे फिरायला जाणाऱ्याने ती आवर्जून पाहावीत.

पाकिटावर काय वाचायचे, हे एकदा समजले की निवड सोपी होते. ‘प्लँटेशन’ म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका. तिची चव स्वच्छ आणि किंचित आंबट असते. ‘चेरी’ म्हणजे फळ अख्खेच उन्हात वाळवून नंतर साल काढलेले दाणे. त्यांत गोडवा आणि भरीवपणा अधिक असतो. त्यापुढची ‘डबल ए’, ‘ए’, ‘बी’ ही अक्षरे मुख्यतः दाण्याचा आकार सांगतात. मोठा दाणा म्हणजे अधिक चवदार दाणा असा समज रूढ आहे, पण केवळ त्या अक्षरासाठी जास्त पैसे मोजू नयेत. ‘पीबेरी’ म्हणजे ज्या फळात दोनऐवजी एकच गोलसर बी धरते ते दाणे, आणि दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीत त्यांना फार मान आहे. वाणाचे नाव दिलेले असेल तर बहुधा ‘एस 795’ किंवा ‘सिलेक्शन 9’ असे काही दिसेल. पहिले वाण चिकमगळूरजवळच्या बाळेहोन्नूर संशोधन केंद्रात 1940च्या दशकात तयार झाले आणि भारतातल्या अरेबिकाच्या बागांत ते मोठ्या प्रमाणावर लावलेले आहे.

‘मॉन्सून्ड मलबार’ हा प्रकार मला स्वतःला विशेष प्रिय आहे. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन्‌महिने दमट हवेत राहून दाणे फुगत आणि पिवळे पडत, आणि तीच चव तिकडच्या लोकांच्या अंगवळणी पडली. पुढे वाफेची जहाजे आली आणि प्रवासाचा काळ घटला, तेव्हा मंगळूरच्या किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर दाणे पसरून तोच परिणाम जाणीवपूर्वक साधला जाऊ लागला. या कॉफीत आंबटपणा जवळजवळ नसतो, चव दाट आणि भरीव असते आणि दुधाशी तिचे चांगले जमते. ज्यांना कॉफीतला आंबटपणा मुळीच सोसत नाही, त्यांनी सुरुवात इथून करावी.

चिकोरीबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. चिकोरी ही एका झाडाची भाजून दळलेली मुळी असते. तिच्यात कॅफीन नसते, रंग गडद येतो आणि डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, दाट होते. आपल्याकडच्या नियमानुसार चिकोरीमिश्रित पुडीत कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ते प्रमाण अवश्य वाचावे, कारण जवळजवळ निम्मी चिकोरी असलेली पुडी कॉफीच्या भावाने घेणे परवडणारे नाही. 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी हे मिश्रण दुधाच्या फिल्टर कॉफीला छान लागते, आणि ते आवडणाऱ्याने संकोच बाळगू नये. शुद्ध कॉफीकडे वळणाऱ्याने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी, ती म्हणजे चिकोरी पाणी धरून ठेवते आणि ती काढून टाकली की फिल्टरमधून पाणी भराभर उतरते व डिकॉक्शन पातळ होते. अशा वेळी दळण थोडे बारीक करावे.

आता ताजेपणा. भाजल्यानंतर दाण्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून चांगल्या पाकिटाला एकाच बाजूने हवा सोडणारी लहानशी झडप असते. पहिले चार-पाच दिवस दाणे मुरू द्यावेत आणि पुढच्या महिना-दीड महिन्यात संपवावेत. त्यामुळे ‘वापरण्याची अंतिम तारीख’ वाचण्यापेक्षा भाजल्याची तारीख शोधावी, आणि ती छापलेलीच नसेल तर ते पाकीट परत जागेवर ठेवावे. दोन माणसांच्या घराला एका वेळी पाव किलो पुरे. स्वस्त मिळते म्हणून किलोभर घेतल्यास शेवटचे अर्धे दाणे शिळेच प्यावे लागतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघडे राहिलेले पाकीट फार लवकर उतरते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवाच. रोजच्या वापरातला डबा फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण दर वेळी बाहेर काढल्यावर दाण्यांवर पाणी सुटते आणि शेजारच्या लसणीचा वासही त्यांना लागतो.

दळण हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. कॉफीतून पाणी काय आणि किती घेते, हे कणांच्या आकारावर ठरते. बारीक कणांतून चव लगेच उतरते आणि जास्त वेळ राहिल्यास कडवटपणाही उतरतो. जाड कणांतून पुरेशी चव उतरण्याआधीच पाणी पुढे निघून जाते आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. मिक्सरच्या भांड्यात दाणे फिरवले की पाते त्यांचे वेडेवाकडे तुकडे करते, त्यांत पीठही असते आणि भरडही, त्यामुळे एकाच कपात कडू आणि आंबट अशा दोन्ही चवी येतात. याला उपाय म्हणजे ‘बर’ ग्राइंडर. त्यात दोन दातेरी चकत्यांमधले अंतर ठरवून दाणा त्यातून पार केला जातो, जात्यात पाळ्यांमधून धान्य जावे तसा, आणि कण बऱ्याच अंशी एकसारखे निघतात. हाताने फिरवायचा पोलादी बरचा चांगला ग्राइंडर काही हजार रुपयांत मिळतो, दोन कपांचे दळण एक-दीड मिनिटात होते आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. तेवढ्याच पैशांत येणाऱ्या विजेच्या स्वस्त ग्राइंडरपेक्षा मी हाच घ्यायला सांगेन. ज्यांना दळण्याचा खटाटोप नको असेल, त्यांनी माटुंग्यासारख्या ठिकाणी डोळ्यांदेखत दाणे दळून देणाऱ्या दुकानातून आठवड्यापुरतीच पूड आणावी आणि कोणत्या उपकरणासाठी हवी ते तिथे सांगावे.

उपकरणांपैकी दुधाच्या कॉफीसाठी मी अजूनही स्टीलच्या किंवा पितळी, एकावर एक बसणाऱ्या दोन भांड्यांच्या दाक्षिणात्य फिल्टरचीच शिफारस करते. त्याला वीज लागत नाही, कागद लागत नाही आणि त्यात बिघडण्यासारखे काही नसते. वरच्या भांड्यात 30 ग्रॅम पूड घालून, चकती हलकेच दाबून, उकळी येऊन क्षणभर थांबलेले 150 मिलिलिटर पाणी ओतले की पूड स्वतःच साधारण 60 मिलिलिटर पाणी धरते आणि खाली 90 मिलिलिटरच्या आसपास दाट डिकॉक्शन जमते, ज्यात तीन कप होतात. अर्धा तास थांबण्याची तयारी हवी, एवढेच. रात्री लावून ठेवणारी घरे पुष्कळ आहेत, पण सकाळी उठल्याबरोबर लावून ताजे घेतलेले डिकॉक्शन अधिक सुवासिक असते.

इटलीत 1933 साली आलेला बियालेत्तीचा मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवला की वाफेच्या दाबाने खालचे पाणी पुडीतून वर चढवणारे भांडे, हा दुसरा चांगला पर्याय आहे. खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत गरम पाणी भरावे, पूड दाबू नये, आच मंद ठेवावी आणि गुरगुर सुरू होताच उतरवावा. घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही, आणि लहान पॉट आपल्या गॅसच्या शेगडीवर नीट बसत नाही, त्यासाठी वर एक जाळी ठेवावी लागते. बिनदुधाच्या कॉफीसाठी फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दट्ट्या दाबून पूड तळाशी बसवायचे भांडे, सर्वांत सोपा. 30 ग्रॅम जाड दळलेली पूड, अर्धा लिटर पाणी आणि चार मिनिटे. अधिक स्वच्छ चव हवी असेल तर ‘व्ही 60’ ही शंकूच्या आकाराची गाळणी आणि तिचे कागद घ्यावेत, 15 ग्रॅमला 250 मिलिलिटर पाणी धरावे आणि एक साधा वजनकाटा जवळ ठेवावा, कारण चमच्याच्या मापात फिकट आणि गडद दाण्यांचे वजन बरेच वेगळे भरते.

एस्प्रेसो यंत्राबद्दल मी सावधच राहीन. एस्प्रेसो म्हणजे बारीक पुडीतून गरम पाणी दाबाने सारून काढलेली घोटभर दाट कॉफी, आणि तिला साधारण 9 बार दाब लागतो. खोक्यावर छापलेले 15 किंवा 20 बार हे पंपाच्या क्षमतेचे आकडे असतात आणि त्यांनी चव सुधारत नाही. त्या यंत्राला तितकाच तोलामोलाचा, अतिशय बारीक फरक करता येणारा ग्राइंडर लागतो, आणि तो खर्च धरून हिशेब केला तर बहुतेक घरांनी मोका पॉटवर समाधानी राहावे असे मला वाटते.

पाण्याचाही विचार करावा. कॉफीसाठी लिटरमागे साधारण 150 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेले पाणी योग्य मानले जाते. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी उरले असतील तर कॉफी सपक लागते, आणि बोअरवेलच्या जड पाण्याने चव मंद होतेच, शिवाय यंत्राच्या आतल्या नळ्यांत पांढरा थर साचतो. पुण्यासारख्या ठिकाणी धरणाचे नळाचे पाणी गाळून वापरले तरी उत्तम कॉफी होते.

कार्यालयाचे गणित वेगळे आहे, कारण तिथे पिणारे अनेक असतात आणि धुणारे एक-दोनच. वीस माणसे दिवसाला दोन कप पितात असे धरले, तर कपाला 10 ग्रॅम या हिशेबाने रोज 400 ग्रॅम, म्हणजे महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांत जवळजवळ 9 किलो दाणे लागतात. या प्रमाणात खरेदी असेल तर भाजणाऱ्याकडून दर पंधरवड्याला ताजा माल थेट मागवता येतो आणि भावही बरा मिळतो. बटण दाबले की दाणे दळून, दूध घालून कप भरणारी स्वयंचलित यंत्रे आकर्षक असतात, पण त्यांच्या दुधाच्या नळ्या रोज न चुकता धुवाव्या लागतात, आणि आपल्या उन्हाळ्यात एक दिवस जरी राहिल्या तरी वास येऊ लागतो. भाड्याने मिळणाऱ्या यंत्रांच्या करारात पूड किंवा प्रीमिक्स यंत्र देणाऱ्याकडूनच घेण्याची अट असते का, ते सही करण्यापूर्वी पाहावे. बहुतेक प्रीमिक्समध्ये दुधाची भुकटी आणि साखर आधीच मिसळलेली असल्यामुळे मधुमेह असलेल्या सहकाऱ्याला काही पर्यायच उरत नाही.

माझी सूचना अशी की वीस-पंचवीस माणसांच्या कार्यालयाने विजेचा एक मजबूत ग्राइंडर घ्यावा, बिनदुधाची कॉफी पिणाऱ्यांसाठी थर्मासच्या भांड्यात कॉफी उतरवणारे ड्रिप यंत्र घ्यावे, आणि दुधाची कॉफी पिणाऱ्यांसाठी मोठ्या आकाराचा फिल्टर ठेवावा. ड्रिप यंत्रात लिटरला 55 ते 60 ग्रॅम पूड हे प्रमाण ठेवावे. ज्याच्या काचेच्या भांड्याखाली तापती पट्टी असते ते यंत्र टाळावे, कारण त्यावर अर्ध्या तासात कॉफी करपल्यासारखी लागू लागते. ग्राइंडर कामाच्या जागेपासून लांब, पॅन्ट्रीत ठेवावा, आणि जास्त वॅटच्या यंत्राला 16 अँपिअरचा सॉकेट आहे ना, हे आधीच पाहून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पॅन्ट्री सांभाळणाऱ्या मावशींना किंवा दादांना खरेदीपूर्वी विचारात घ्यावे, यंत्र त्यांच्यासमोर उघडून दाखवायला विक्रेत्याला सांगावे, आणि कोणता भाग कधी धुवायचा याचा मराठीत लिहिलेला तक्ता भिंतीवर लावावा. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने ड्रिप यंत्राचा क्षार काढणे आणि आठवड्यातून एकदा ग्राइंडरमधली जुनी पूड ब्रशने झाडणे एवढे केले तरी ती उपकरणे दीर्घकाळ चांगली चालतात, आणि या कामासाठी लागणारा वेळ पॅन्ट्री सांभाळणाऱ्यांच्या कामाच्या तासांतच धरला जावा.