तुम्ही विचारलंत म्हणून: एलीनं ॲबीला सोडलं ते बरोबर का?

‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा गेम २०२० च्या जूनमध्ये आला, तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मंगळवार पेठेतली माझ्या भाच्याची मित्रमंडळी, राजारामपुरीत गेम खेळायला जमणारी पोरं, माझे कॉलेजातले विद्यार्थी, सगळ्यांचं एकच: “मॅडम, एवढं सगळं करून शेवटी सोडलं कशाला?” विचारताना आवाजात राग असतो. कोल्हापुरात ‘आता सुट्टी नाही’ म्हणत वाढलेल्या पोराला हातात सापडलेला वैरी सोडून देणं पटत नाही.

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. बुरशीच्या साथीनं जग मोडलंय. एली या मुलीला तो संसर्ग बाधत नाही. तिच्यापासून लस करता येईल, पण शस्त्रक्रियेत तिचा जीव जाणार. २०१३ च्या पहिल्या गेमच्या शेवटी जोएल, जो तोवर तिच्या बापासारखा झालेला असतो, हॉस्पिटलात घुसतो, सर्जनसकट आडवा येईल त्याला मारतो आणि तिला उचलून आणतो. वर तिच्याशी खोटंही बोलतो. त्या सर्जनची मुलगी ॲबी. दुसऱ्या भागात ती जोएलला शोधून काढते आणि एलीच्या डोळ्यांदेखत गोल्फच्या काठीनं ठेचून मारते. मग एली सूड घ्यायला सिॲटलला जाते. खूप रक्त सांडून अखेर सांता बार्बराच्या किनाऱ्यावर ॲबी तिच्या हाताखाली पाण्यात बुडत असते, आणि एली हात काढून घेते.

सोडलं ते बरोबरच केलं, असं माझं ठाम मत आहे. पण त्यामुळं एली सुटत नाही. लोक दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालतात आणि तिथं घोळ होतो. तिनं ॲबीला सोडलं म्हणून ती चांगली ठरली, असं काहीजण म्हणतात. सोडलं म्हणून आधीचे सगळे जीव फुकट गेले, असं बाकीचे म्हणतात. शेवटच्या माणसालाही मारलं असतं तर आधीच्यांच्या मरणाला काय किंमत आली असती, हे मात्र मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तुमचा राग कुठून येतो ते मला कळतं. पहिल्या भागात जोएल गोळ्या घालत होता तेव्हा कंट्रोलर आपल्या हातात होता आणि पोरगी वाचावी असं आपल्यालाही वाटत होतं. त्या सर्जनलाही घरी कुणी असेल हा विचार तेव्हा फार थोड्यांनी केला. हा दुसरा गेम निम्म्यावर तोच कंट्रोलर ॲबीच्या बाजूनं हातात देतो. पुष्कळजण तिथंच चिडले. मला ती या गेमची सगळ्यात धीट गोष्ट वाटते. एलीच्या हातून मेलेली कुत्री, ॲलिस, तिच्याशी आपली नीट ओळख त्यानंतर होते. शिपाईही बिननावाचे नाहीत. एकाला मारलं की दुसरा त्याला नावानं हाक मारतो. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. अंबाबाईनं ज्याला मारलं त्या कोल्हासुराच्याच नावानं आपलं गाव ओळखलं जातं, आणि मरताना त्यानं तसं मागितलं म्हणून, असं आपली आख्यायिका सांगते.

आणि ईर्षा आपल्याला कुणी शिकवायला नको. खासबागेत हरलेला मल्ल वर्षभर मेहनत करून त्याच गड्याला पुन्हा भिडतो, तेव्हा अख्खं मैदान त्याच्यामागं उभं राहतं, आणि मीही राहते. पण कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. एलीच्या सुडात पाठ टेकवायला जागाच नाही. ॲबीपर्यंत पोचायला आधी तिचे सोबती मारायचे. त्यात मेल निघते गरोदर, आणि ते एलीला कळतं ते तिला मारल्यावर. एलीच्या मदतीला आलेल्या तिच्या मित्राचा, जेसीचा जीव जातो. जोएलचा भाऊ टॉमी अधू होतो. तिची जोडीदार डीना आणि लहान बाळ असलेलं शेतावरचं घर तिला मिळालेलं असतं, तेही ती सोडून जाते.

माझ्या लेखी एलीचा हक्क संपला तो मात्र याच्याही आधी, सिॲटलच्या हॉस्पिटलच्या तळघरात. तिथं हवेत बुरशीचे बीजाणू आहेत, उजेड लालभडक आहे आणि ॲबीची मैत्रीण नोरा खोकत जमिनीवर पडलेली आहे. तिला संसर्ग झालाय, ती तशीही वाचणार नाही. एलीच्या हातात पाईप. ॲबी कुठं आहे ते नोरा सांगत नाही. पडद्यावर चौकोनाचं बटण येतं आणि ते दाबेपर्यंत गोष्ट हलत नाही. दाबलं की नोरा दिसत नाही, फक्त एलीचा चेहरा दिसतो. माझ्या भाच्यानं तिथं कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “मावशी, तू दाब.” शंभरेक माणसं विनातक्रार मारून आलेला पोरगा होता तो. बटण आम्हालाच दाबायला लावायचं आणि वर दोषही आम्हालाच, ही तुमची तक्रार मला रास्त वाटते. तरी त्या पोराचा हात थबकला, आणि ते तिथं पर्याय दिला असता तर झालं नसतं. त्यानं सरळ ‘नाही’ निवडून हात झटकले असते.

सोडण्याबद्दल बोलताना मला नेहमी द्रौपदी आठवते. अश्वत्थाम्यानं तिची पाचही मुलं झोपेत मारली. महाभारताच्या सौप्तिकपर्वात ती त्याच्या मरणासाठी प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून बसते. भागवताच्या पहिल्या स्कंधात तीच द्रौपदी, अर्जुनानं त्याला बांधून समोर आणल्यावर, सोडा त्याला म्हणते. मी रडते तशी त्याची आई रडू नये, एवढंच तिचं म्हणणं. दोन्ही द्रौपदी मला खऱ्या वाटतात. एलीला मात्र भागवतातल्या द्रौपदीची वाट मिळत नाही. ॲबीचा बाप तोच सर्जन होता, हे आपल्याला माहीत असतं. एलीला कुणी सांगताना दिसत नाही. मग तिचा हात कशानं सुटतो?

त्या क्षणी तिला ॲबीचं काही आठवत नाही. गिटार घेऊन ओसरीवर बसलेला जोएल आठवतो. त्याच्या खुनाच्या आदल्या रात्रीच ती त्याला म्हणालेली असते की तुला माफ करणं मला जमेल असं वाटत नाही, पण प्रयत्न करायची इच्छा आहे. तो प्रयत्न ॲबीनं तिच्याकडून हिरावला, आणि माझ्या मते एलीचा खरा जाळ तिथला आहे. ॲबीच्या मरणानं ती रात्र पुढं सरकणार नव्हती. म्हणून मी त्या सोडण्याला ॲबीची माफी म्हणत नाही. त्या झटापटीत बोटं तुटलेल्या हातानं तिला जोएलनं शिकवलेली गिटारही धड वाजवता येत नाही, इतकं तिचं गेलंय.

आणि कौतुक करताना एक विसरू नका. ॲबी लढायला तयार नव्हती, तेव्हा एलीनं लेव्हच्या, तिच्यासोबतच्या एका अर्धमेल्या पोराच्या गळ्याला चाकू लावून तिला लढायला भाग पाडलं. एली हात काढून घेते तेव्हा या गोष्टीला काही मिनिटंही झालेली नसतात.

ॲबीबद्दल मला सगळे विचारतात. नोराबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही. विचारा कधीतरी. माझ्याकडे तिच्यासाठी एलीच्या बाजूनं सांगण्यासारखं काहीही नाही.